तीन मिलिमीटर डावीकडे

६ फेब्रुवारी

वहिनी,

वर काय लिहायचं यात दोन कागद वाया गेले. 'सप्रेम' लिहिलं तर तू नाक मुरडशील, साष्टांग नमस्कार घातला तर पोट धरून हसशील. म्हणून नुसतं वहिनी. पत्ता दादाच्या शेवटच्या कार्डावरून घेतलाय. मधल्या काळात तू घर बदललं असशील आणि हे दुसऱ्याच कुणाच्या हाती पडलं असेल, तर त्यांनी इथेच थांबावं. पुढे त्यांच्या कामाचं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हा मी आले होते. चार तास आपण एका खोलीत होतो. तू मला पाण्याचा पेला दिलास, मी तो रिकामा करून परत दिला, एवढंच. अडतीस वर्षांचं भांडण म्हणावं तर आपण भांडलोसुद्धा नव्हतो. तू प्रयोगशाळा सोडलीस, दादाने लांबची बदली मागून घेतली, आणि टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी दारात उभी राहून खोकी मोजत होते.

आज लिहायचं कारण निराळं आहे. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन आला. मला वाटलं हयातीचा दाखला हवा असेल. पलीकडून एक तरुण बाई म्हणाली, "तुम्ही पूर्वी स्कॅनिंगला होतात ना? आम्हाला तुमचे डोळे हवेत." मी म्हटलं, "देते, पण मेल्यावर." ती इतकी हसली की मला तिथल्या तिथे आवडली. डॉक्टर आहे, अणूच्या पोटात सापडणाऱ्या त्या विचित्र कणांवरच काम करते. मी तिला डॉक्टरबाई म्हणते, ती मला मावशी.

आपल्या वेळच्या तीनशे काचा तळघरातून वर काढल्यात. शेजारच्या बाईंना हे सांगत होते, तर त्या म्हणाल्या, तुम्ही त्या काचांचं करायचात तरी काय? मी सांगितलं, काचेवर फोटोच्या मसाल्याचा जाड थर असायचा, त्यावर मोठ्या यंत्रातून कणांचा झोत सोडायचे. कण जिथून गेला तिथे काळ्या ठिपक्यांची बारीक रेघ उमटायची. अणूचं केंद्र फुटलं की एका बिंदूपासून चारी बाजूंना रेघा, म्हणजे चांदणी. आम्ही मुली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्या चांदण्या शोधायचो आणि सापडली की तिची जागा मोजून वहीत लिहायचो. बाई म्हणाल्या, "म्हणजे दिवसभर डागच बघायचे की!" मी म्हटलं, हो, डागच.

आता ते काम यंत्र करणार. कॅमेरा काचेचे फोटो घेतो, संगणक चांदण्या निवडतो, आणि त्यांतल्या खऱ्या कुठल्या हे सांगायला म्हातारे डोळे लागतात. एका काचेला यंत्राला आठ-आठ दिवस लागतात, म्हणून तीनशेंतल्या फक्त बारा घेतल्यात. बाकीच्यांचा थर सुटायला लागलाय, त्या मार्चअखेर टाकून देणार. मी यादी पाहिली. सतरा नंबर टाकायच्या काचांत आहे. तिच्यापुढे आपल्या सरांनी तेव्हा लाल शाईने लिहिलेलं अजून तसंच आहे: 'नोंद अविश्वसनीय'.

तुला कळवावंसं वाटलं. तेव्हा नक्की काय झालं, कुणाचं चुकलं, हे आता कोण सांगणार. त्या काचेत एकदा डोकावून बघावं म्हणते. जमलं तर.


१७ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. नाही तर नाही. मी काही पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नाही. (तो साडेअकराला येतो.)

खोली तीच आहे. खिडक्यांना काळे पडदे, बाहेर भर दुपार आणि आत संध्याकाळ. तेलाच्या थेंबाचा तोच वास. स्टूल तेवढी बदललीत, आता त्यांना चाकं आहेत, त्यामुळे काल मी बसायला गेले आणि स्टूल एकटंच भिंतीकडे निघून गेलं.

पण एकदा डोळे टेकवले की काही बदललेलं नाही. चाक बोटाने हळूहळू फिरवायचं आणि थरात उतरत जायचं. वरचे ठिपके विरघळतात, खालचे उमलतात. एखादी रेघ पोहत वर येते, जरा वेळ राहते, परत बुडते. अर्ध्या तासाने आपण बघतोय की झोपेत आहोत ते सांगता येत नाही. आवाज येत नाहीत, गुडघे दुखत नाहीत, वय आठवत नाही. एकदा तर मला पक्कं वाटलं की तू शेजारी बसली आहेस आणि मी डोळे काढले की तुझी वेणी दिसेल. मी मुद्दामच डोळे काढले नाहीत, बराच वेळ तशीच बसून राहिले.

पाच वाजता उजेडात आलं की बसस्टॉपवरच्या माणसांच्या तोंडांवरही ठिपके दिसतात. आठवतं ना? लोकांना दिवसा तारे दिसायला मार खावा लागतो, आपल्याला त्याचा पगार मिळायचा.

यंत्र हुशार आहे, पण त्याला ओरखडाही चांदणी वाटतो. आज त्याने मला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दाखवला. डॉक्टरबाई विचारते, "मावशी, तुम्हाला खोटी कशी ओळखू येते?" मी म्हटलं, सून डाळ निवडायला बसली की सासूला कसं कळतं खडा कुठे राहिला ते.

ती आज नव्या मुलांना विचित्र कण समजावून देत होती. सर द्यायचे तसंच, पण मला सरांचंच आठवत राहिलं. केंद्र म्हणजे भरलेलं घर. प्रत्येकाची जागा ठरलेली, सारख्या दोघांना एका जागी बसता येत नाही, मागून येणाऱ्याने बाहेरच्या ओट्यावर बसायचं. पण ही विचित्र बाहेरून येते आणि तिच्यासारखं तिथे कुणीच नसतं, म्हणून तिला कुणी अडवत नाही. ती थेट आतल्या खोलीत जाऊन बसते. आणि ती आली की घर थोडं आवळतं, बाकीचे एकमेकांच्या जवळ सरकतात. सर हे सांगत होते तेव्हा तू मला कोपराने ढोसून म्हणालीस, "म्हणजे सूनच की गं."

तेव्हा तू आमची सून नव्हतीस. नुसती माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण होतीस. मी तुला चहाला घरी आणलं आणि एरवी खोलीबाहेर न पडणारा आमचा दादा काडेपेटी मागायला तीनदा आला. आईने वर्षाच्या आत लग्न लावलं आणि तुला बजावलं, मैत्रीण असेल तर असेल, आता तिला वन्सं म्हणायचं. मग तू आईसमोर "वन्सं, आपण आधी आंघोळ करून घेता का?" आणि अंधाऱ्या खोलीत आलं की "भवाने, सरक तिकडे."

घर खरंच आवळलं होतं. दादा वेळेवर जेवायला यायला लागला, आई गुणगुणायला लागली. मला ते आवडत होतं. बरंचसं आवडत होतं.

मग तो आठवडा. मी दोन दिवस तापाने घरी. तुझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा उडाला म्हणून तू माझ्या टेबलावर बसलीस, सतरा नंबरची काच घेऊन. संध्याकाळी माझ्या उशाशी आलीस, हात गार आणि गाल लाल, आणि कानात म्हणालीस, "वन्सं, तीन! तीन चांदण्या, एकीला एक जोडलेल्या!" एकाच केंद्रात एक सोडून दोन विचित्र. पहिल्या चांदणीतून ते केंद्र निघालं, दुसरीत एक विचित्र संपली, तिसरीत दुसरी. तोवर साऱ्या जगात अशा बोटांवर मोजण्याइतक्या सापडल्या होत्या. मला इतका ताप होता की मी म्हटलं, छान, आणि झोपले.

मी परत आले त्या दिवशी तुझ्या सूक्ष्मदर्शकाला नवा दिवा बसला होता. सर त्यावर बघायला गेले तर तू वहीत लिहिलेल्या जागी काहीच नव्हतं. तुला तीन दिवस दिले. तू डोळे पुसत पुसत शोधलंस. चौथ्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दिसावंसं वाटलं की दिसतं, बाई."

डोळे चुरचुरतायत. थांबते.


२ मार्च

वहिनी,

मागच्या पत्रात मी तुला तुझीच गोष्ट सांगितली, जशी काही मी तिथे पाहुणी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आता सरळ लिहिते, नाहीतर परत फिरेन.

इथे जिन्याजवळ काचेचं कपाट आहे. जुन्या वस्तू मांडून ठेवल्यात. त्यात माझा सूक्ष्मदर्शक आहे, खाली कार्ड, 'पूर्वीचे उपकरण'. मी रोज त्याच्यासमोरून मान खाली घालून जाते. ज्या पट्टीवरून आपण चांदणीची जागा वाचायचो, मिलिमीटरची ती छोटी पट्टी, तिच्या कडेला नीट पाहिलं तर लाल रंग दिसतो. ते नेलपॉलिश आहे. तुझ्याच पर्समधलं.

तुझ्या त्या तीन चांदण्यांच्या चार महिने आधी मी तेल पुसत असताना ती पट्टी निखळून हातात आली. आदल्याच महिन्यात भिंग तडकलं म्हणून एका मुलीला घरी पाठवलं होतं. मी घाबरले. तू डबा धुवायला गेली होतीस, तुझी पर्स स्टुलावर होती, मी नेलपॉलिश घेतलं आणि पट्टी चिकटवून टाकली. वाळल्यावर बघते तर ती तीन मिलिमीटर सरकून बसलेली. तेव्हापासून मी पट्टी वाचायची, मनात तीनाचा हिशेब करायची आणि वहीत बरोबर आकडा लिहायची. इतकी सवय झाली की नंतर नंतर मला ते जाणवायचंही बंद झालं. तू माझ्या टेबलावर बसलीस तेव्हा तापात मला सांगायचं सुचलं नाही. इथपर्यंत मला कुणीही माफ करेल.

नजरेला एका वेळी मिलिमीटरचा दहावा भाग दिसतो, हे तुला मी काय सांगू. तीन मिलिमीटर म्हणजे पार दुसरं गाव. सरांनी तुझ्या आकड्याच्या आजूबाजूला एक मिलिमीटर पाहिलं आणि उठले. "इथे काही नाही," म्हणाले. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मला त्याच क्षणी कळलं. नंतर विचार करून नाही, त्याच क्षणी. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी मूग गिळून बसले.

नोकरी जाईल म्हणून बोलले नाही, असं मी अडतीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आता लिहिते. सगळे तुझ्याबद्दल म्हणायचे, हिचे डोळे म्हणजे डोळे. सर म्हणायचे, आई म्हणायची, दादाचं तर विचारूच नकोस. तुला मी माझ्या हाताने घरात आणलं आणि बघता बघता घर तुझं झालं, काम तुझं झालं, आणि मी आपली उरले. सर तुला खोटं ठरवत होते तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण फार बरं वाटलं. मग तो क्षण गेला आणि तोंड उघडायची वेळही त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी बोलले असते तर विचारलं असतं, काल का गप्प होतीस? महिन्याने बोलले असते तर महिना का? अशी ती वेळ वाढतच गेली.

आणि आत्ताही मी काय करतेय बघ. डॉक्टरबाईला म्हटलं, हाताला सवय हवी, टाकायच्यातली एखादी काच द्या. आणि सतरा नंबर उचलली. तिला काही सांगितलेलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तासभर शोधते. वाटतं, सापडली तर गुपचूप तुझ्या पदरात टाकावी आणि पट्टीचं कुणाला कळू नये. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातली गत.

गंमत म्हणजे ते तीन मिळवायचे होते की वजा करायचे, हेच मी विसरले. जी गोष्ट आयुष्यभर उराशी बाळगली तिची उजवी बाजू कुठली आणि डावी कुठली ते आठवेना! चार दिवस उजवीकडे शोधलं. काही नाही. उद्यापासून डावीकडे.


९ मार्च

वहिनी,

ती आहे.

काल दुपारी. तू लिहिलेला आकडा ६२.४ होता, मी ५९.४ च्या आसपास होते. चाक फिरवत खाली उतरत होते, मन कुठेतरी भलतीकडेच होतं, आईच्या गुणगुणण्याचा विचार करत होते की काय कोण जाणे. थराच्या मध्यावर एक चांदणी आली. चार रेघांची. त्यांतली एक आखूड, जाड, लगेच संपणारी. ती संपते तिथे दुसरी चांदणी. तिच्यातून परत एक तोकडी रेघ, तिच्या टोकाला तिसरी. तिन्ही मिळून केसाच्या जाडीएवढ्यासुद्धा नाहीत. ठिपके जरा फिकट झालेत, पण एकही निखळलेला नाही. अडतीस वर्षं डब्यात, अंधारात, जशी तू सोडलीस तशी.

मी श्वास धरून बसले. मला वाटलं मी हलले तर त्या उडून जातील. मग मला रडू आलं आणि भिंग धुक्याने भरलं, तरी मी डोळे काढेना. त्या धुक्यातसुद्धा तिन्ही दिसत होत्या.

डॉक्टरबाई डबा संपवून आत आली. "मावशी, काय झालं?" मी नुसतं बोट दाखवलं. ती बसली. चाक खाली-वर फिरवून तीनदा बघितलं. मग तिने खोलीतल्या सगळ्यांना हाका मारल्या, एकेक जण बघून गेला, आणि ती मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, तुम्ही काय शोधलंय माहितेय का तुम्हाला?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. ती म्हणाली, अहवालात तुमचं नाव घालणार, पहिलं, माझ्याही आधी.

आणि वहिनी, मी गप्प बसले.

हसले. मान हलवली. चहा प्यायले. "म्हाताऱ्या डोळ्यांची कमाल" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा लाजलेसुद्धा. तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, घाबरट होते, एवढी तरी सबब होती. काल पासष्ट वर्षांची बाई, गमवायला काही नाही, कुणाची भीती नाही, आणि टाळ्या वाजताच पुन्हा तीच जीभ टाळ्याला चिकटली. बसमध्ये मला स्वतःची इतकी किळस आली की दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी आले.

हे पत्र आत्ता पेटीत टाकते. टाकलं की मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी टाकते आणि मग जाते.


१९ मार्च

वहिनी,

पत्र टाकलं आणि सरळ प्रयोगशाळेत गेले. डॉक्टरबाई कुणाशी तरी फोनवर याच चांदण्यांविषयी बोलत होती. मी म्हटलं, फोन ठेव. मी तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं. तिने ठेवला.

सगळं सांगितलं. पट्टी, नेलपॉलिश, ताप, तू, सर, टेम्पो. आणि मला बरं वाटलं होतं तेही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग उठली, कपाटाची किल्ली आणली आणि माझा सूक्ष्मदर्शक बाहेर काढून पट्टी किती सरकली आहे ते स्वतः मोजलं. तीन पूर्णांक एक दशांश. तुझी जुनी वही मागवली. तुझा आकडा, मी सांगितलेली चूक आणि सापडलेली जागा, तिन्ही तिने एका कागदावर मांडली. जुळलं. तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "मला तुमचा राग आलाय. तो आज जायचा नाही."

मी म्हटलं, "नकोच जाऊ दे."

"त्यांना मी पत्र लिहू का?"

"तू पण लिही. पण मी आधी लिहिलंय."

खोलीत दोन दिवस माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. बरोबर आहे. मी माझं काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप न मागता पुढे आला.

सतरा नंबर आता टाकायच्या काचांत नाही. सरांच्या लाल शेऱ्याखाली डॉक्टरबाईने तारीख घालून लिहिलंय की नोंद खरी आहे, आकड्यातली चूक उपकरणाची होती आणि ती चूक माझी होती. माझी सही घेतली. अहवालात शोधणारी म्हणून तुझं एकटीचं नाव जाईल. त्यासाठी तुझी संमती लागते, तो कागद सोबत जोडला आहे.

आणखी एक. या तीन चांदण्यांना इतकं मोल का, ते मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. डॉक्टरबाईने सांगितलं. एका केंद्रात एक विचित्र असेल तर ती आणि घर यांचं कसं जमतं ते समजतं. पण दोघी असतील तरच कळतं की त्या दोघींचं आपसात काय आहे. एकमेकींना ढकलतात की ओढतात. रेघांच्या लांबीवरून ते मोजता येतं. ती आठवडाभर मोजत होती, अजून दहा वेळा मोजणार आहे. काल मी विचारलं, मग काय निघालं?

"ओढ आहे," ती म्हणाली. "अगदी थोडी. पण आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तुझ्याकडे काही मागायला तोंड नाही मला. कागदावर सही करून पाठव, एवढंच. पत्र नाही पाठवलंस तरी चालेल.


२८ मार्च

वन्सं,

पाचही पत्रं मिळाली. हे तुझी भाची लिहून घेते आहे, मी सांगते तसं. तुझी पत्रंही तिनेच वाचून दाखवली. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्याने उजेड तेवढा कळतो. तिसरं पत्र वाचताना तिचा आवाज चढला, तिला मी पाणी प्यायला पाठवलं. तिला आत्या आहे हे माहीत होतं, ती आपल्याकडे का येत-जात नाही हे माहीत नव्हतं.

नेलपॉलिशची बाटली हरवली म्हणून मी तुझ्या दादाशी दोन दिवस अबोला धरला होता. ते तेवढं तुझ्या माथी.

नोकरीचं मला काही वाटलं नाही, तू त्याचं ओझं घेऊ नकोस. दुसरी मिळाली असती. गेलं ते वेगळंच. तुला वाटतं मी अडतीस वर्षं तुझ्यावर चिडून होते. मी चिडून नव्हते, वन्सं. मला वाटत होतं सर बरोबर होते. पहिलं वर्षभर मी म्हणायची, मी पाहिलं. मग म्हणायला लागले, पाहिल्यासारखं वाटलं. मग म्हणायचंच सोडलं. दाराला कुलूप लावलं तर ह्यांना परत बघून यायला सांगायची. पोरीला ताप आला की थर्मामीटर स्वतः वाचायची आणि तरी शेजारणीला वाचायला द्यायची. रस्ता ओलांडायच्या आधी माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नसायचा. तुझे दादा म्हणायचे, तू म्हणालीस ना दिसलं, म्हणजे दिसलं. शेवटच्या आजारात मी त्यांना म्हटलं, सोडा आता, बहुतेक मला दिसलं नसेल. आयुष्यात एकदाच ते माझ्यावर ओरडले, ते तेव्हा.

चौथं पत्र ऐकलं आणि पोरीला म्हटलं, पहिली ओळ परत वाच. तिने ती मला सात वेळा वाचून दाखवली.

मी तुला माफ केलं का, हे विचारू नकोस. मलाच अजून माहीत नाही. कधी वाटतं केलं, कधी वाटतं समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. दोन्ही खरं आहे.

संमतीच्या कागदावर सही केलेली नाही. न बघितलेल्या गोष्टीखाली मी सही कशी करू?

डोळ्यांचे डॉक्टर दोन वर्षांपासून ऑपरेशन करा म्हणतायत. मी म्हणायची, बघायचं काय राहिलंय. परवा त्यांच्याकडे जाऊन डाव्या डोळ्याची तारीख घेतली, नऊ एप्रिल. नंतर महिनाभर जपायचं आहे. मे महिन्यात पोरगी मला घेऊन येईल. तुझ्याकडे उतरेन, दुसरीकडे कुठे उतरणार.

तुझ्या डॉक्टरबाईला सांग, ती काच तिथेच राहू दे. आणि आकडे मला सांगायचे नाहीत. पत्रात जिथे आकडे आणि डावं-उजवं आलं तिथे मी पोरीला गाळायला लावलं, मला काहीच माहीत नाही. काच लावून दे, दिवा लाव आणि मला एकटीला सोड. मी शोधते. वेळ लागेल, तोवर तू बाहेर बाकावर बस.